आग्रा रोड आणि ब्रिटिश मोटार

जुन्या मोटारी रस्त्यावर आणून त्यांची रांग लावायची, जाणकारांकडून त्यांचे परीक्षण करवून घ्यायचे आणि दिवसाच्या अखेरीस बक्षिसे वाटायची, ही जी प्रथा आज मुंबईत हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पाहायला मिळते, ती मूळची इंग्लंडमधली असून तिचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडमध्ये नवा कायदा अमलात आला, त्याने यांत्रिक वाहनापुढे माणसाने पायी चालत राहण्याची जुनी अट रद्द केली आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवली. या मोकळिकीचा उत्सव म्हणून त्याच दिवशी काही मोटारी लंडनहून ब्रायटनला गेल्या. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये ‘डेली स्केच’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने जुन्या मोटारींची फेरी निघाली, पुढे १९३० मध्ये ‘व्हेटरन कार क्लब’ आणि १९३४ मध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब’ स्थापन झाला, आणि मोटारींची वयानुसार वर्गवारी रूढ झाली. १९०४ अखेरपर्यंतची मोटार ‘व्हेटरन’, त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० या काळातली ‘व्हिंटेज’ मानली जाते. ‘क्लासिक’ ही संज्ञा त्या मानाने सैल असून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परंतु आता दुर्मीळ झालेल्या मोटारींना ती सर्रास लावली जाते.

भारतात या प्रथेचा आरंभही एका वृत्तपत्रानेच केला. ‘द स्टेट्समन’ने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची पहिली शर्यतवजा फेरी भरवली आणि काही वर्षांतच कोलकात्यातही ती सुरू केली. मुंबईत हे काम पुढे ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने आणि १९१९ पासून मोटारचालकांची संघटना म्हणून काम करणाऱ्या ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ने उचलले, आणि हॉर्निमन सर्कलभोवतीच्या दगडी इमारती ही या फेऱ्यांची परिचित पार्श्वभूमी ठरली. अशा प्रदर्शनांत ब्रिटिश मोटारीला नेहमीच मानाची जागा मिळते, मात्र तिच्याविषयी जो इतिहास सांगितला जातो तो बहुधा संस्थानिकांचा, त्यांच्या रोल्स-रॉइसचा आणि शिकारीसाठी खास बांधवून घेतलेल्या गाड्यांचा असतो. ब्रिटिश मोटार मुंबईत खऱ्या अर्थाने जोडली गेली, वापरली गेली आणि जगवली गेली ती मात्र कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी आणि भांडुप यांना जोडणाऱ्या जुन्या आग्रा रोडच्या पट्ट्यात, आणि तीही ब्रिटिश राज्य संपल्यानंतर. या पट्ट्याचा इतिहास लक्षात घेतला, तर प्रदर्शनात उभ्या असलेल्या मोटारींकडे पाहण्याची रीतही बदलावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत मोटारी इतक्या झाल्या होत्या की १९०४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी मोटार वाहनांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या काळी मोटार विकत घेणाऱ्याला सर्वांत मोठी शंका असे ती टिकाऊपणाची, आणि ती दूर करण्यासाठी ‘विश्वसनीयता चाचणी’ नावाची स्पर्धा घेतली जाई. अशा चाचणीत वेगाला महत्त्व नसे, ठरलेले लांबचे अंतर मोटारीने कोठेही बंद न पडता पार करावे एवढीच अपेक्षा असे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर अशी चाचणी झाली, आणि घाटरस्त्यांवरचे सुमारे ६२० मैलांचे अंतर ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोल्स-रॉइसने निर्विघ्न पार केले. हीच मोटार पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली, आणि हिंदुस्थानी संस्थानिक व रोल्स-रॉइस यांच्या दीर्घ संबंधाची सुरुवात म्हणून तिचा उल्लेख होतो. पश्चिम हिंदुस्थानातल्या मोटारप्रेमींनी भरवलेली ही चाचणी आजच्या फेऱ्यांची पूर्वज म्हणता येईल, फरक इतकाच की त्या वेळी मोटार नवी होती आणि रस्ता जुना, तर आज नेमके उलटे आहे.

श्रीमंतांच्या हौसेपलीकडे जाऊन पाहिले, तर दोन महायुद्धांमधल्या काळात हिंदुस्थानची मोटार-बाजारपेठ ब्रिटनच्या ताब्यात नव्हती. तिच्यावर अमेरिकन आणि कॅनेडियन गाड्यांचा पगडा होता, आणि त्याचे एक कारण ब्रिटनच्या करपद्धतीत होते. तिथे १९२१ पासून मोटारीवरचा वार्षिक कर तिच्या ‘अश्वशक्ती’वर, दर अश्वशक्तीस एक पौंड या दराने आकारला जाई. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांमधला वर्ग घ्यायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे, असे तिचे सूत्र होते. दट्ट्याचा प्रवास, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती अंतर खालीवर होतो ती लांबी, या सूत्रात धरलेलीच नव्हती. साहजिकच ब्रिटिश कारखानदारांनी अरुंद आणि लांबट सिलिंडरांची छोटी इंजिने बनवली. ‘मॉरिस एट’च्या सिलिंडरचा व्यास अवघा ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याचा प्रवास ९० मिलिमीटर होता, आणि सूत्राप्रमाणे तिची अश्वशक्ती आठ येई, म्हणून नाव ‘एट’. ‘ऑस्टिन सेव्हन’, ‘स्टँडर्ड टेन’ ही नावेही याच हिशेबातून आली. त्याच सूत्राने फोर्डच्या ‘मॉडेल ए’ची अश्वशक्ती चोवीस भरत असे, त्यामुळे इंग्लंडमध्ये ती बाळगणे महागात पडे. हिंदुस्थानच्या खडबडीत रस्त्यांवर मात्र मोठ्या इंजिनाची, जमिनीपासून उंच आणि किमतीने माफक अशी अमेरिकन गाडी अधिक सोयीची होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली, आणि फोर्डचेही मुंबईत असेच काम होते.

या काळात हिंदुस्थानी भांडवलातून मोटारीचा कारखाना काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेत फिरून मोटार-उद्योगाचा अभ्यास केला आणि मुंबईसाठी एक योजना आखली. बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखालील प्रांतिक सरकार तिला व्याजाच्या हमीच्या रूपाने साहाय्य द्यायला तयार होते, परंतु केंद्रातल्या ब्रिटिश सरकारने तिला पाठिंबा दिला नाही. वालचंद हिराचंद यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी पुढे नेली, तेव्हाही मोटारीचा कारखाना हा युद्धकार्याला आवश्यक उद्योग आहे असे मानायला सरकार राजी झाले नाही. अखेर १९४४ मध्ये वालचंदांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली आणि १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. ती होती डॉज, प्लिमथ आणि डीसोटो या क्रायस्लरच्या नाममुद्रांची. म्हणजे ब्रिटिश अमलाच्या अखेरच्या वर्षी मुंबईच्या उपनगरात जो मोटार-कारखाना उभा राहिला, त्यात ब्रिटिश मोटारीला स्थान नव्हते.

हा कारखाना कुर्ल्यातच का उभा राहिला आणि त्यानंतरचे इतके कारखाने त्याच रस्त्याने उत्तरेकडे का सरकत गेले, याचे उत्तर या पट्ट्याच्या भूगोलात आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ मध्ये धावू लागली आणि १८७७ मध्ये घाटकोपरला स्थानक झाले. लोहमार्गाला जवळजवळ समांतर असा मुंबई-आग्रा रस्ता शीव, कुर्ला, घाटकोपर आणि भांडुप या गावांमधून ठाण्याकडे जात होता. पश्चिमेला डोंगर आणि दगडाच्या खाणी, पूर्वेला ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरलेली मिठागरे, आणि मध्ये लोहमार्ग व महामार्ग यांनी बांधलेली सपाट जमिनीची पट्टी, अशी ही रचना होती. तानसा तलावाचे पाणी शहराकडे नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्याही याच बाजूने येतात. बेटावरच्या गिरणगावात जमीन महाग आणि अपुरी पडू लागली, तेव्हा कारखानदारांना लागणारे सर्व काही येथे एकत्र उपलब्ध होते. गोदरेज उद्योगसमूहाने १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन घेतली. घाटकोपर-किरोळ ही तोवर स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये मुंबईची हद्द वाढली, तेव्हा घाटकोपर आणि भांडुप बृहन्मुंबईत आले. पुढे या रस्त्याला लालबहादूर शास्त्री यांचे नाव देण्यात आले, तरी जुन्या रहिवाशांच्या तोंडी ‘आग्रा रोड’ बराच काळ टिकून राहिला.

ब्रिटिश मोटार या पट्ट्यात आली ती १९४९ मध्ये, आणि तिला आणणारी कारणे मुख्यतः चलनाची होती. युद्धाने जर्जर झालेल्या ब्रिटनला अन्नधान्य आणि कच्चा माल यांची किंमत चुकवण्यासाठी निर्यात वाढवणे भाग होते, म्हणून तिथल्या सरकारने मोटार-कारखान्यांना पोलादाचा पुरवठाच निर्यातीच्या प्रमाणात करण्याचे धोरण ठेवले. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र भारताकडे डॉलरची टंचाई होती, तर युद्धकाळात साठलेली पौंडातली येणी, म्हणजे ‘स्टर्लिंग शिल्लक’, हाताशी होती. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला गेला आणि रुपयाचेही तितकेच अवमूल्यन झाले. त्यामुळे अमेरिकन गाडी एकदम महाग झाली आणि ब्रिटिश गाडीची किंमत रुपयांत जवळपास आहे तिथेच राहिली. राज्य होते तोवर जी बाजारपेठ ब्रिटिश कारखानदारांना जिंकता आली नव्हती, ती राज्य गेल्यावर चलनाच्या गणिताने त्यांच्यापुढे आणून ठेवली.

या संधीचा मुंबईत लाभ घेणारा उद्योगसमूह म्हणजे विल्यम आणि रेजिनाल्ड या रूट्स बंधूंचा ‘रूट्स ग्रुप’. हिलमन, हंबर, सनबीम-टालबट या नाममुद्रा त्याच्या मालकीच्या होत्या आणि त्याचे प्रमुख कारखाने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री परिसरात होते. या समूहाने १९४९ मध्ये मुंबईत ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया’, अर्थात ‘एपीआय’ ही कंपनी स्थापन केली, आणि घाटकोपरच्या उत्तरेला आग्रा रोडलगत भांडुप येथे तिचा कारखाना होता. रूट्सची त्या काळातली मुख्य गाडी ‘हिलमन मिंक्स’ ही मध्यमवर्गीय कुटुंबासाठी बनवलेली चार दारांची मोटार होती. तिच्या ११८५ घनसेंटिमीटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६३ आणि दट्ट्याचा प्रवास ९५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या करसूत्राची छाप तिच्यावरही स्पष्ट होती. युद्धोत्तर मिंक्सला वेगळी चासी नव्हती, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा आधार होता. त्या काळी ही रचना नवी होती, आणि पुढे गंज चढल्यावर दुरुस्ती करणाऱ्याची तिनेच सर्वांत मोठी परीक्षा पाहिली, कारण अशा गाडीचा तळाचा पत्रा गेला की गाडीचा कणाच गेला असे समजले जाते.

त्या काळच्या कारखान्यांत जे काम चाले त्याला ‘जोडणी’ म्हणत. मोटारीचे इंजिन, गिअरपेटी, आस, पत्र्याचे भाग, काचा आणि विजेची तारजोडणी हे सारे खोक्यांत भरून बोटीने मुंबई बंदरात येई, तेथून कारखान्यात पोचे, आणि स्थानिक कामगार नकाशांच्या आधारे सांधणी, रंगकाम, आसनकाम व चाचणी करून तयार गाडी बाहेर काढत. बॅटरी, टायर, रंग, काच, आसनाचे कापड यांसारख्या वस्तू आधी स्थानिक बाजारातून घेतल्या जात आणि अवघड भाग हळूहळू देशात बनवले जावेत अशी अपेक्षा असे. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्तान मोटर्स याच रीतीने मॉरिसच्या गाड्या ‘हिंदुस्तान टेन’, ‘बेबी हिंदुस्तान’ आणि पुढे ‘लँडमास्टर’ या नावांनी काढत होती. मद्रासमध्ये अशोक मोटर्स ऑस्टिनच्या, तर स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ‘व्हॅनगार्ड’ गाड्यांची जोडणी करत होती. १९५० च्या सुमारास मुंबई, कोलकाता आणि मद्रास या तिन्ही बंदर-शहरांच्या परिसरात ब्रिटिश मोटार भारतीय हातांनी जोडली जात होती.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने, म्हणजे आयातकर आणि उद्योगसंरक्षण यांविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, केवळ जोडणी करणाऱ्या आणि उत्पादनाचा ठोस कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना यापुढे परवानगी असू नये अशी शिफारस केली. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतले काम आवरते घेतले. रूट्सच्या मोटारीही भारतात मूळ धरू शकल्या नाहीत. एपीआय पुढे मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि १९५० च्या दशकातच इटलीच्या लॅम्ब्रेटा स्कूटरची जोडणी करू लागली, पुढे ‘लॅम्बी’ ही स्कूटर आणि तीनचाकी वाहने हीच तिची ओळख झाली. हीच मिंक्स जपानमध्ये कशी वाढली हे पाहणे येथे उपयुक्त ठरते. इसुझू कंपनीने १९५३ मध्ये रूट्सशी करार केला, सुटे भाग एकेक करून देशात बनवत १९५७ पर्यंत संपूर्ण गाडी जपानी बनावटीची केली, आणि १९६० च्या दशकापर्यंत तिचे उत्पादन चालू ठेवले. जपानमध्ये मिंक्स ही स्वतःच्या मोटार-उद्योगाची पायरी ठरली, तर भांडुपमध्ये ती एका छोट्या पर्वापुरती उरली. प्रीमियरनेही १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटचा हात धरला, १९५४ मध्ये ‘फियाट ११००’ कुर्ल्यातून बाहेर पडली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तिचा पुढचा चेहरा मिळाला. परिणामी आग्रा रोडचा मोटार-उद्योग इटालियन झाला आणि ब्रिटिश वारसा उत्तरपाडा व मद्रास येथे चालू राहिला. ‘मॉरिस ऑक्सफर्ड’च्या तिसऱ्या मालिकेवरून घडलेली ‘अँबॅसॅडर’ २०१४ पर्यंत बनत राहिली, आणि मिकेलॉटी या इटालियन रेखाकाराने घडवलेली ‘ट्रायम्फ हेरल्ड’ १९६० च्या दशकात ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून भारतीय रस्त्यांवर आली.

गाड्यांची आयात जवळजवळ थांबली आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागू लागले, तेव्हा जुन्या गाडीची किंमत टिकून राहिली, आणि तिला चालू ठेवणाऱ्या कारागिरीलाही भाव आला. आधी आलेल्या मॉरिस, ऑस्टिन, हिलमन आणि हंबर गाड्यांना मूळ सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवा माल ऑपेरा हाउसच्या परिसरातल्या दुकानांत शोधायचा, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोर बाजारात धुंडाळायचे, आणि जे कुठेच मिळत नाही ते लेथवर घडवून घ्यायचे, असा क्रम ठरून गेला. हे शेवटचे काम सोपे होण्यात आग्रा रोडवरच्या कारखान्यांचा वाटा होता. कुर्ल्यात मुकुंदचे पोलाद, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌जची विद्युत यंत्रे, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स आणि १९५८ नंतर सिएटचे टायर, विक्रोळीला गोदरेज, अशा मोठ्या कारखान्यांभोवती त्यांना लहानसहान भाग पुरवणारी लघुउद्योगांच्या गाळ्यांची वस्ती उभी राहिली, आणि टर्नर, फिटर, वेल्डर, डेंटर यांची कौशल्ये कारखान्याच्या फाटकाबाहेर पसरली.

ब्रिटिश गाडीची दुरुस्ती हे स्वतंत्र कसब होते, कारण तिची मापेच निराळी होती. तिच्या नटबोल्टांचे आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे असत. या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा, त्यामुळे फियाटचा बोल्ट मॉरिसला बसवण्याचा प्रयत्न केला तर आटे मरत आणि मेट्रिक पाना लावला तर नटाच्या कडा झिजत. अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, म्हणजे आजच्या रीतीच्या नेमके उलट, आणि हे न ओळखता जोडणी केली तर विजेची उपकरणे जळत. एसयू जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याचे हेलकावे थोड्या तेलाने आवरलेले असतात, ते तेल आटले की गाडी वेग घेताना अडखळते. सिलिंडर झिजले की बोअरिंग करून ते मोठे करायचे, आणखी झिजले की आत नवी स्लीव्ह, म्हणजे पोलादी नळी, बसवून मूळ मापावर आणायचे. पत्रा कुजला की तो कापून नवा ठोकून बसवायचा. मूळ इंजिन अगदीच निकामी झाले तर अँबॅसॅडरचे किंवा एखादे डिझेल इंजिन बसवायचे. असे बदल करताना गाडीचे मूळ रूप राखण्यापेक्षा ती चालू राहणे महत्त्वाचे मानले जाई, कारण ती कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाची होती.

या पट्ट्याच्या इतिहासात यंत्रांइतकेच कामगार-चळवळीलाही स्थान आहे. डॉ. दत्ता सामंत यांनी घाटकोपरच्या पंतनगरमध्ये दवाखाना चालवला, तेथे येणाऱ्या खाणकामगारांच्या प्रश्नांतून ते कामगार-संघटनेकडे वळले, आणि १९७० च्या दशकात विक्रोळीच्या गोदरेजपासून कुर्ल्याच्या प्रीमियरपर्यंत आग्रा रोडवरच्या कारखान्यांत त्यांच्या नेतृत्वाखाली लढे झाले. वेतनवाढीचे हे लढे, संरक्षित बाजारपेठेत अडकलेले जुनाट तंत्रज्ञान, १९८० च्या दशकात मारुतीने निर्माण केलेली स्पर्धा आणि शहरातल्या जमिनीच्या चढत्या किमती या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणून पुढच्या दोन दशकांत हे कारखाने एकेक करून बंद पडले किंवा स्थलांतरित झाले. किरोळ रस्त्यालगतच्या प्रीमियरच्या जमिनीवर ‘कोहिनूर सिटी’ उभी राहिली, एपीआयचे उत्पादन २००२ पर्यंत थांबले, आणि कारखान्यांच्या भिंती जिथे होत्या तिथे निवासी मनोरे, कार्यालये आणि मॉल आले. कुर्ला-विद्याविहार परिसरात ‘प्रीमियर रोड’ हे रस्त्याचे नाव मात्र अजून आहे.

कारखाने मावळत असतानाच जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाची प्रथा भरास आली, हा योगायोग म्हणता येत नाही. परदेशी गाड्यांचा मार्ग मोकळा झाल्यावर जुनी ब्रिटिश गाडी रोजच्या कामातून सुटली आणि संग्राह्य वस्तू झाली. प्रदर्शनाच्या दिवसाचा क्रमही आता पुरेसा स्थिर आहे. उपनगरातल्या गाड्या पहाटेच, रहदारी सुरू होण्यापूर्वी, दक्षिण मुंबईकडे निघतात. काही स्वतःच्या चाकांवर जातात, तर ज्यांच्यावर भरवसा नाही त्या टेंपोवर चढवून नेल्या जातात. मैदानात किंवा चौकात पोचल्यावर आधी तपासणी होते, तीत कागदपत्रे, चासीवरचा क्रमांक, ब्रेक आणि दिवे पाहिले जातात. त्यानंतर वर्गवारीप्रमाणे रांगा लागतात, ठरावीक अंतराने एकेक गाडी झेंडा दाखवून सोडली जाते आणि फेरी ठरलेल्या मार्गाने फिरून परतते. मुंबईचे ऊन हीच या फेरीतली खरी कसोटी असते, कारण थंड हवेसाठी घडवलेल्या इंजिनात उष्णतेमुळे नळीतच पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरला द्रवरूप पेट्रोल मिळत नाही आणि गाडी बंद पडते. अशा वेळी नळीवर ओला फडका गुंडाळणारा मेकॅनिक बहुधा मालकाच्या शेजारच्या आसनावर असतो. फेरीनंतर गाड्या उभ्या करून बॉनेट उघडले जातात, परीक्षक रंग, आसने, इंजिनाचा भाग, उपकरणे आणि मूळ रूप यांना गुण देतात, काळाला साजेसा पोशाख करणाऱ्यांनाही बक्षीस असते, आणि समारंभाने दिवस संपतो.

या परीक्षणाच्या मुळाशी ‘अस्सलपणा’ची कल्पना आहे, आणि मुंबईच्या संदर्भात ती सर्वांत वादाची ठरते. ब्रिटिश कारखान्याच्या मूळ पुस्तिकेशी गाडी किती जुळते हा निकष लावला, तर अँबॅसॅडरचे इंजिन बसवलेली मॉरिस किंवा कुर्ल्यात ठोकलेल्या मडगार्डची हिलमन गुण गमावते. याउलट परदेशातून सर्व भाग मागवून चकचकीत केलेली गाडी, जिचा भारतातला सारा वापर पुसला गेला आहे, ती पहिली येते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ‘ट्यूरिन सनद’ या बाबतीत अधिक समंजस आहे. इमारतींच्या जतनासाठी मान्य झालेली तत्त्वे ती वाहनांना लावते, आणि वाहनाच्या वापराच्या काळात त्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग मानून ते सरसकट काढून टाकू नयेत असे सुचवते. भारतीय कायद्याने २०२१ मध्ये या वाहनांना प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते, आणि असे वाहन केवळ प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. या तरतुदीमुळे जुनी वाहने सरसकट मोडीत काढण्याच्या धोरणापासून त्यांना संरक्षण मिळाले, परंतु मूळ रूपाची अट कसोशीने लावल्यास, दुरुस्त होत होत टिकलेली साधी गाडीच या संरक्षणाबाहेर पडण्याचा धोका आहे.

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला जतन करणारे हात आणि पैसा नेहमीच उपलब्ध होते, तिच्या मालकाचे नाव हाच तिचा विमा होता. शिक्षक, डॉक्टर, व्यापारी किंवा छोटा कंत्राटदार यांच्याकडे असलेली मॉरिस, ऑस्टिन किंवा हिलमन टिकली ती मात्र स्वस्त, हुशार आणि सतत होणाऱ्या दुरुस्तीमुळे, आणि त्या दुरुस्तीला लागणारे ज्ञान आग्रा रोडसारख्या औद्योगिक पट्ट्यांत तयार झाले. हा भाग नोंदला जाण्यासाठी प्रदर्शनांनी करावयाची गोष्ट फार अवघड नाही. आज गाडीपुढच्या फलकावर वर्ष, नाममुद्रा आणि मालकाचे नाव असते, त्यात ती भारतात कोणत्या कारखान्यात जोडली गेली, तिचे कोणते भाग कुठे व केव्हा बदलले आणि ते काम कोणी केले, एवढ्या ओळींची भर घातली, तर परीक्षकांना अस्सलपणा आणि खोटेपणा यांत फरक करता येईल आणि पाहणाऱ्याला दोन्ही इतिहास एकत्र दिसतील. भांडुप, घाटकोपर आणि कुर्ला येथे या कामात आयुष्य घालवलेल्या कारागिरांची पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि त्यांच्या कामाची लेखी नोंद जवळपास कुठेच झालेली नाही. त्यामुळे असा फलक लिहिण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची असेल, तर तिच्यासाठी हातात असलेली वर्षे मोजकीच आहेत.